ट्यूबावर जॅझ सोलो: सुरुवात बेसलाईनपासून

ट्यूबा हातात घेऊन वर्ष-दीड वर्ष झालंय, सूर बरे लागतात, बँडची खालची बाजू सांभाळता येते आणि आता आपल्यालाही बारा बारांचा (बार म्हणजे इथे चार बीटचा, चार मात्रांचा खंड) एखादा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायची जागा, मिळावा असं वाटायला लागलंय, अशांसाठी हा लेख आहे. जॅझ आधी वाजवलेलं नसलं तरी चालेल. कुठला व्हॉल्व्ह दाबला की कुठला सूर येतो हे माहीत हवं आणि बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांची स्वरलिपी, अडखळत का होईना, वाचता यायला हवा.

मी ट्यूबा शाळेच्या बँडमध्ये शिकले. वर्गात सगळ्यात उंच होते म्हणून तो माझ्याकडे आला. जॅझकडे वळले ती कॉलेज संपल्यावर, पुण्यातल्या चार-पाच जणांच्या एका हौशी ग्रुपमुळे. पहिल्या सोलोसाठी मी वर्षभर ट्रम्पेटवाल्यांच्या जलद ताना पाठ केल्या. प्रत्यक्षात तिसऱ्या बारला श्वास संपला, पाचव्या बारला सूर पातळ झाला आणि उरलेलं आवर्तन पियानोवाल्याने भरून काढलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या तालमीला आमचे सर एवढंच म्हणाले, "अगं, दोन वर्षं तू या गाण्याखाली बेस वाजवतेयस. सोलो आला की तोच कशाला विसरतेस?"

पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या एका प्रश्नातून आलंय. गाण्याची घडण ट्यूबावाल्याला पायापासून माहीत असते. कुठल्या बारला कुठली कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) येते हे त्याच्या बोटांना पाठ असतं. ट्रम्पेटवाल्याला जे वेगळं शिकावं लागतं ते आपल्याकडे आधीच आहे. आपला सोलो आपल्या बेसलाईनमध्येच, म्हणजे गाण्याखाली चालणाऱ्या खालच्या सुरांच्या ओळीतच असतो, तो तिथून वर उचलायचा असतो.

पहिली पायरी: ऐकणं

आठवडाभर वाजवणं कमी करा आणि ऐकणं वाढवा. पण नुसतं पार्श्वभूमीला लावून नाही. थोडा इतिहास माहीत असला की काय ऐकायचं ते कळतं, म्हणून तो आधी सांगते.

ट्यूबाचं पेटंट १८३५ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी घेतलं. वाद्य घडलं लष्करी बँडसाठी. तिथून ते अमेरिकेत गेलं आणि न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर, मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजू लागलं. चालता चालता डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वाजवता येत नाही, त्यामुळे जॅझ जन्माला येत होतं तेव्हा त्याचा पाया बऱ्याचदा ट्यूबाच होता. १९२५ पर्यंत रेकॉर्डिंग भोंग्यापुढे वाजवून व्हायचं आणि त्यात ट्यूबा डबल बेसपेक्षा ठळक उमटायचा, हेही त्याच्या पथ्यावर पडलं. मग विजेवर चालणारे मायक्रोफोन आले, बँड रस्त्यावरून डान्स हॉलमध्ये स्थिरावले आणि १९३०च्या दशकात डबल बेसने ही जागा घेतली. डबल बेसवाला चारही बीटवर अखंड चालत राहू शकतो. ट्यूबावाल्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या बीटवरच वाजवायचा.

या हकालपट्टीतून ट्यूबाचा एक फायदाही झाला. बेस दुसऱ्याकडे गेल्यावर ट्यूबा मोकळा झाला. १९४९-५० मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या ताफ्यात बिल बार्बर ट्यूबा वाजवतो, आणि तिथे डबल बेस वेगळा आहे. ट्यूबा फ्रेंच हॉर्न आणि ट्रोम्बोनच्या पंगतीला बसलाय. १९५७ मध्ये रे ड्रेपर हा १७ वर्षांचा मुलगा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला सोबत घेऊन स्वतःच्या क्विंटेटची, म्हणजे पाच जणांच्या ताफ्याची, रेकॉर्ड करतो आणि ट्यूबावर थेट आधुनिक जॅझचे सोलो घेतो. सगळे सोलो सारखे जमलेले नाहीत, काही ठिकाणी धाप जाणवते, आणि नवशिक्याने तेच आवर्जून ऐकावं असं मला वाटतं. कुठे वाद्य अडतं आणि कुठे खुलतं हे तिथे स्पष्ट कळतं.

मग हॉवर्ड जॉन्सन ऐका. २०२१ मध्ये गेलेल्या या माणसाने अनेक ट्यूबावाल्यांचा ‘ग्रॅव्हिटी’ नावाचा ताफा उभा केला होता आणि वरच्या सप्तकात त्याचा ट्यूबा गातो. बॉब स्टुअर्ट ऐका, कारण बेस धरता धरता मध्येच सोलोत शिरणं आणि परत येणं त्याच्याइतकं सहज मी कुणाचं ऐकलेलं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या डर्टी डझन ब्रास बँडमधला कर्क जोसेफ ऐका. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या बँडने रस्त्यावरच्या बँडच्या बेसलाईनला फंकची चाल दिली. आणि आजचं हवं असेल तर लंडनचा थिऑन क्रॉस. त्याच्या सन्स ऑफ केमेट या बँडमध्ये दोन ड्रमर, एक सॅक्सोफोन आणि तो, एवढेच चौघे होते. बेसही तोच आणि सोलोही तोच.

ऐकताना एकच काम करा. कागद घ्या आणि सोलोवाला कुठल्या बारनंतर श्वास घेतो ते टिपत जा. बाकी काही नको. चार-पाच सोलोंचे कागद जमले की लक्षात येईल, चांगल्या ट्यूबावाल्याची वाक्यं लहान असतात.

वाद्याबद्दल थोडक्यात

आपल्याकडे शाळा, पोलीस आणि लष्कराच्या बँडमधून जो ट्यूबा हाती येतो तो बहुतेकदा बी-बी-फ्लॅटचा असतो. त्याची नळी उलगडली तर साधारण १८ फूट भरते. युरोपात सोलोसाठी एफ ट्यूबा पसंत करतात, तो लहान असतो आणि वरचे सूर त्यावर सोपे जातात. पण सोलोसाठी म्हणून नवा ट्यूबा घेऊ नका. चांगल्या ट्यूबाला काही लाख रुपये पडतात आणि या लेखातलं सगळं बी-बी-फ्लॅटवर होतं. वरातीत बँडवाल्यांच्या मागच्या रांगेत अंगाभोवती गुंडाळलेलं मोठ्या तोंडाचं जे वाद्य दिसतं तो सुझाफोन. त्यावरही हेच सगळं चालतं. मेरठच्या जली कोठीत ही वाद्यं आजही बनतात. तिथलं वाद्य घेणार असाल तर व्हॉल्व्ह झटकन वर येतात का ते आधी बघा, बाकी गोष्टी नंतर.

चौथा व्हॉल्व्ह असेल तर तो वापरायची सवय लावा. पहिला आणि तिसरा एकत्र दाबून येणारे खालचे सूर चढे लागतात. त्याऐवजी नुसता चौथा दाबला की ते जागेवर येतात.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ट्यूबाचं लेखन जसं वाजतं तसंच असतं. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवाल्याला पियानोच्या कागदावरून वाजवायचं तर मनात सूर बदलावे लागतात, आपल्याला नाही. पियानोवाल्याच्या खांद्यावरून कॉर्ड वाचा आणि वाजवा. वाचनाचा कंटाळा करू नका. मुंबईत १९३०-४०च्या दशकांत ताजमहाल हॉटेलात आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक एवढे का चमकले, याचं एक मोठं कारण म्हणजे ते लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकले होते. चिक चॉकलेटसारखा ट्रम्पेटवादक त्यांच्यातलाच.

श्वासाची जागा आधी ठरवा

ट्यूबाला हवा फार लागते. खालच्या सुरांवर, जोरात वाजवलं तर पूर्ण भरलेला श्वासही दोन-तीन बारमध्ये रिकामा होतो. ही अडचण मानली की माणूस तिच्याशी भांडत बसतो. गायक जसा शब्दांच्या मध्ये श्वासाची जागा धरून ठेवतो तशी आपण वाक्यातच ती जागा ठेवायची.

रोज दहा मिनिटं वाद्याशिवाय हे करा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर लावा. चार बीट श्वास आत, चार बीट बाहेर. मग दोन बीट आत, सहा बाहेर. मग एक बीट आत, सात बाहेर. ‘ओ’ म्हणताना होतं तसं तोंड आतून मोकळं ठेवा, खांदे उचलू नका. श्वास आत घेताना आवाज आला तर घसा आवळलाय असं समजा. गरगरलं तर थांबा, बसा, पाणी प्या. सुरुवातीला तसं होतंच.

शिकागो सिम्फनीमध्ये १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स हे श्वासाबद्दलचे जगातले नावाजलेले शिक्षक. स्वतःच्या फुप्फुसांची क्षमता कमी असूनही त्यांचा आवाज भरदार होता. ते दोनच गोष्टी सांगायचे: मनात गाणं ठेवा आणि हवा वाहती ठेवा. ओठ, पोट, स्नायू यांचा विचार करत बसलात की दोन्ही बिघडतं. शास्त्रीय संगीतातला हा सल्ला जॅझला तंतोतंत लागू पडतो.

सोलोसाठी माझा नियम असा: दीड बार वाजवायचं, अर्धा बार थांबायचं. पहिले काही महिने तरी हा नियम मोडू नका. त्या अर्ध्या बारमध्ये पियानो आणि ड्रम तुम्हाला उत्तर देतील, आणि पुढचं वाक्य कुठून सुरू करायचं हे त्या उत्तरातूनच सुचेल.

आधी तोंडाने गा

मोबाईलवर बारा बारांच्या ब्लूजची (जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्याच्या प्रकाराची) साथ लावा. आयरियल प्रोसारखं ॲप असेल तर उत्तम, नाहीतर पियानोवाल्या मित्राकडून पाच मिनिटं रेकॉर्ड करून घ्या. ट्यूबा खाली ठेवा आणि गा. आवाज कसा आहे याला महत्त्व नाही. ‘दा-बा-डू’ काहीही म्हणा. रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका.

गाताना आपण न कळत बरोबर तेच करतो जे वाजवताना करत नाही. श्वास लागला की थांबतो, एखादी ओळ आवडली की ती पुन्हा म्हणतो, फार उंच जात नाही. आपल्या रेकॉर्डिंगमधली एक ओळ निवडा, चार-पाच सुरांची, आणि ती ट्यूबावर शोधा. सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. माझ्या पहिल्या महिन्यात अशा सात ओळी झाल्या होत्या. आजही त्यातल्या दोन वाजवते.

रिकाम्या नळीतली कॉर्ड

आता वाद्य घ्या. एकही व्हॉल्व्ह दाबू नका. खालचा बी-फ्लॅट लावा आणि फक्त ओठांनी आणि हवेने एकेक पायरी वर चढा. बी-फ्लॅट, एफ, बी-फ्लॅट, डी, एफ. अजून थोडं वर गेलात तर ए-फ्लॅट लागेल आणि त्यावर पुन्हा बी-फ्लॅट. तो ए-फ्लॅट थोडा उतरलेला वाटेल, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने. एरवी तो सूर पहिला व्हॉल्व्ह दाबून वाजवतात, म्हणजे जागेवर येतो.

आता हे सगळे सूर एकत्र बघा: बी-फ्लॅट, डी, एफ, ए-फ्लॅट. बी-फ्लॅट सेव्हन. ब्लूजची पहिली कॉर्ड. सा, ग, प आणि कोमल नी. १८ फुटांच्या रिकाम्या नळीत ती निसर्गतःच आहे, आणि तिचा नी जरासा उतरलेला आहे, जसा ब्लूज गाणारे उतरवून घेतात. मला हे कळलं त्या दिवशी मी तासभर एकही व्हॉल्व्ह न दाबता वाजवत बसले होते.

तुम्हीही बसा. पहिला आठवडा सोलोसाठी हेच सूर वापरा. साथीवर बी-फ्लॅट सेव्हन चालू असताना बी-फ्लॅट, डी आणि एफ एवढ्या तिघांत वाक्यं करा. लय बदला, सूर बदलू नका.

बारा बारांचं आवर्तन

बी-फ्लॅट ब्लूजचं साधं रूप असं आहे. पहिले चार बार बी-फ्लॅट सेव्हन. पाचवा-सहावा ई-फ्लॅट सेव्हन. सातवा-आठवा परत बी-फ्लॅट सेव्हन. नववा एफ सेव्हन, दहावा ई-फ्लॅट सेव्हन, अकरावा बी-फ्लॅट सेव्हन, आणि बाराव्या बारला पुन्हा एफ सेव्हन, जो आपल्याला आवर्तनाच्या तोंडाशी आणून सोडतो. चार बीटचा बार धरला तर ४८ मात्रांचं आवर्तन. तबल्याच्या साथीला सरावलेल्या कानाला ते धरायला वेळ लागत नाही.

कॉर्डमधला सा आणि प बेसच्या कामाचे. कॉर्ड बदलली हे ऐकणाऱ्याला सांगतात ते ग आणि नी. बी-फ्लॅट सेव्हनचे ग-नी म्हणजे डी आणि ए-फ्लॅट. ई-फ्लॅट सेव्हनचे जी आणि डी-फ्लॅट. एफ सेव्हनचे ए आणि ई-फ्लॅट. आता गंमत बघा. पाचव्या बारला कॉर्ड बदलते तेव्हा डी फक्त अर्धा स्वर उतरून डी-फ्लॅट होतो आणि ए-फ्लॅट अर्धा स्वर उतरून जी होतो. नवव्या बारला डी अर्धा स्वर चढून ई-फ्लॅट होतो. एवढ्याशा हालचालीत अख्खं आवर्तन ऐकू येतं.

हे वाजवूनच बघा. मधला डी घ्या, रिकाम्या व्हॉल्व्हचा. चार बार तोच, लांब, हवा लागेल तसा श्वास घेत. पाचव्या-सहाव्या बारला डी-फ्लॅट, दुसरा व्हॉल्व्ह. सातव्या-आठव्याला डी. नवव्याला ई-फ्लॅट, पहिला व्हॉल्व्ह. दहाव्याला डी-फ्लॅट. अकराव्याला डी. बाराव्याला एफ सेव्हन वाजत असेल तर ई-फ्लॅट. तीनच सूर, पण साथीवर हे वाजवलं की पियानोवाला मान वर करून बघतो, कारण त्याला कळतं तुम्ही कॉर्ड ऐकताय. माझ्या मते नवशिक्याच्या पहिल्या सोलोला एवढं पुरतं. त्यात हवी तिथे लय घाला, झाला सोलो.

ब्लूज स्केलही शिका, सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. बी-फ्लॅटमध्ये तो बी-फ्लॅट, डी-फ्लॅट, ई-फ्लॅट, ई, एफ, ए-फ्लॅट असा येतो. सगळीकडे नवशिक्याला आधी हेच शिकवतात, आणि मला ते पटत नाही. स्केल सगळ्या कॉर्डवर चालतो म्हणून माणूस कॉर्ड ऐकणं सोडून देतो. आधी डी, डी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट हे तीन सूर, मग स्केल.

बेसलाईनमधून सोलो उचलणं

तिसऱ्या-चौथ्या बारांसाठी एक चालती बेसलाईन घ्या, बीटला एक सूर. तिसरा बार: बी-फ्लॅट, डी, एफ, ए-फ्लॅट. चौथा बार: वरचा बी-फ्लॅट, ए-फ्लॅट, एफ, डी. आणि हा डी पाचव्या बारच्या ई-फ्लॅटकडे ढकलतो. हा पट्टा दहा वेळा वाजवा, डोळे मिटून येईपर्यंत.

आता त्यातून गाळायला सुरुवात करा. पहिल्या बीटवरचा बी-फ्लॅट सोडून द्या, तो बेसवाल्याचा. उरतं काय? डी, एफ, ए-फ्लॅट. चौथ्या बारमध्ये वरचा बी-फ्लॅट ठेवा आणि तो दोन बीट धरा. एफ काढून टाका. शेवटचा डी ठेवा. आता वाजवा: एक बीट शांत, डी, एफ, ए-फ्लॅट, लांब बी-फ्लॅट, शांत, डी, आणि पाचव्या बारला ई-फ्लॅट. ऐकलंत? ही बेसलाईन राहिली नाही. प्रश्न विचारून थोडं थांबावं आणि मग उत्तर द्यावं, तसं ते वाक्य झालं.

मग सरकवा. तो पहिला डी दुसऱ्या बीटऐवजी अर्धी बीट उशिरा घ्या. लांब बी-फ्लॅट अर्धी बीट लवकर, म्हणजे बार सुरू होण्याआधीच घ्या. सूर तेच, पण आता ते चालत नाहीत, झुलतात.

मग उचला. हाच पट्टा एक सप्तक वर न्या. बेसलाईन खालच्या बी-फ्लॅटपासून वाजवत होतात, सोलो मधल्या एफच्या आसपास आणून ठेवा. खोल खाली ग आणि नी एकमेकांत मिसळून गढूळ होतात, हा ध्वनीचाच गुण आहे, तुमच्या वाजवण्याचा दोष नाही. मधल्या एफपासून त्याच्यावरच्या एफपर्यंतचं एक सप्तक हे ट्यूबाच्या सोलोचं घर मानते मी. तिथून कधीतरी एकदम खालच्या बी-फ्लॅटवर उडी मारा. ट्रम्पेटवाला जसा शेवटी उंच जाऊन टाळी घेतो तसं आपलं खाली जाणं. पण एका आवर्तनात एकदाच.

दर आठवड्याला आवर्तनातले असे दोन-दोन बार घ्या. गाळा, सरकवा, उचला. सहा आठवड्यांत बारा बार होतात. हे वेळखाऊ आहे हे मला माहीत आहे, पण तयार ताना पाठ करून मी जे वर्ष घालवलं त्यापेक्षा ते खूप कमी आहे.

लय आणि जीभ

आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर. मेट्रोनोमचा ठोका दोन आणि चार समजून त्यावर वाजवा. पहिले दोन दिवस डोकं फिरेल, तिसऱ्या दिवशी पाय आपोआप डोलायला लागेल.

मध्यम लयीत अर्ध्या बीटचे दोन सूर समान नसतात. बीटचे तीन भाग केले तर पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एकाचा. लय वाढेल तसा हा फरक कमी होत जातो आणि खूप जलद लयीत सूर जवळजवळ समान होतात. हे मोजून येत नाही, वर सांगितलेल्या माणसांच्या रेकॉर्डबरोबर वाजवून येतं.

ट्यूबाची खरी अडचण वेगळी आहे. एवढ्या लांब नळीत सूर उभा राहायला क्षणभर जातो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला तो उशिरा आल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे जिभेने जोर लावणं नाही. हवा सुराच्या आधी निघालेली असू द्या, जीभ फक्त दार उघडते. ‘त’ ऐवजी ‘ड’ म्हणा: डू-डा, डू-डा. बीटच्या मधला सूर जिभेने हलका घ्या आणि तिथून बीटवरच्या सुरावर जीभ न लावता घसरा. रेकॉर्डिंग करताना मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मांडीवरचा ट्यूबा कानाला नेहमी नेमकाच वाटतो, सहा फुटांवरून खरं कळतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. खालचे सूर भिंतीतून जातात आणि सरावाचं म्यूट (आवाज दाबणारं बूच) घातलं तरी पूर्ण थांबत नाहीत. मी संध्याकाळी सहा ते सात अशी वेळ ठरवून घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना तालमीला बोलावलं. तेव्हापासून ‘आज वाजवलं नाहीस का गं?’ असं त्याच विचारतात. श्वास, गाणं आणि नुसत्या माउथपीसवरचा सराव मात्र कधीही करता येतो.

बँडबरोबर

ट्यूबा सोलो घेतो तेव्हा बँडच्या पायाखालची जमीन कोण धरणार, हे तालमीतच ठरवा. डबल बेस असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पियानोवाल्याचा डावा हात किंवा ट्रोम्बोन बेस धरू शकतो. न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये कधी कधी सगळेच थांबतात आणि फक्त ड्रम उरतात. तिसरा मार्ग सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात प्रिय: स्वतःच दोन्ही करायचं. दर दुसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर खालचा सा एकदा ठोकायचा आणि उरलेल्या जागेत वर वाक्य म्हणायचं. याला आठ-दहा महिने लागतील. घाई नको.

सोबतच्यांना आवाज कमी करायला स्पष्ट सांगा. ट्यूबाची बेल, म्हणजे मोठं तोंड, वर छताकडे असते, त्यामुळे स्टेजवरच्यांना तुम्ही मोठे वाटता आणि समोरच्यांना ऐकू येत नाही. मायक्रोफोन बेलच्या वर, कडेच्या बाजूने, हातभर अंतरावर धरा. अगदी आत घातला तर नुसता गडगडाट येतो. सुझाफोनला बेलच्या कडेला चिमट्याचा छोटा मायक्रोफोन लावतात.

पहिल्यांदा एकच आवर्तन घ्या. त्यात डी, डी-फ्लॅट, ई-फ्लॅटची लांब ओळ आणि गाळलेले दोन-तीन पट्टे एवढंच. जमलं तर पुढच्या वेळी दोन आवर्तनं, आणि दुसऱ्यात पहिल्याचंच एखादं वाक्य परत घ्या, लय बदलून.

सोलो संपवताना अकराव्या बारला वरच्या डीवर या आणि श्वास भरून घ्या. बाराव्या बारला खाली उतरा, चारही बीटवर सरळ, न झुलवता: एफ, जी, ए-फ्लॅट, ए. हे चार सूर ऐकले की ड्रमरची काठी सिम्बलकडे वळते, ट्रम्पेट ओठांना लागतो, आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या बीटवर तुमचा बी-फ्लॅट सगळ्यांच्या खाली परत आलेला असतो.